घरगुती चौकशी

या चौकशीला घरगुती म्हणतात
हे मला त्या दिवशी कळलं.
तोवर घरगुती म्हणजे चटणी, खानावळ,
फार तर भांडण.
तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत
मॅनेजर, त्यांचा वकील, एक टेबलफॅन
आणि चहा. सगळ्यांना आला,
शालन सिस्टरना विचारलाच नाही कुणी.

आरोप एक : रात्री दोन दहा ते दोन पन्नास
सदर कर्मचारी वॉर्डात आढळून आल्या नाहीत.
आरोप दोन : बेड नंबर चौदा.
पुढं बरंच होतं, मी वाचलं नाही.
पेन्सिलीनं फुली मारली होती
तिथं सही केली.
'माझ्या प्रत्यक्ष निदर्शनास आले' असं
माझ्या नावावर छापलेलं.
एवढं शुद्ध मी जन्मात बोललो नव्हतो.

चौदाला कळ्याचे रिटायर गुरुजी होते.
नाकात नळी, छातीचा भाता झालेला,
तरी मी 'सलाईन संपलं हाय' म्हटलं की
बोट वर करायचे. आहे.
'आहे' म्हण, बाळ.

दोन दहाला सिलिंडरचा काटा लालवर आला.
सिस्टरनं बेल दाबली.
बेल चादरींच्या खोलीत वाजते
आणि मी त्या खोलीतच होतो,
धुऊन आलेल्या गठ्ठ्यावर, डबल ड्यूटीचा सोळावा तास.
ऐकू आली मला बेल.
स्वप्नात ती केएमटीची घंटी झाली,
कंडक्टर म्हणाला उचगाव, उचगाव,
मी खिडकीला डोकं टेकून तसाच बसलो.

लिफ्टला रात्री कुलूप असायचं, लाईटबिलासाठी.
सिस्टर तीन मजले उतरल्या,
भरलेला सिलिंडर एकट्यानं वर ओढत आणला,
पायरी, दम, पायरी.
फरशीच्या कडा उडाल्यात तिथल्या. अजून आहेत तशाच.
पंचनाम्यात जिना नव्हता.
गुरुजी दोन चाळीसला गेले.
पावणेतीनला मला जाग आली ती
जिन्यातल्या लोखंडाच्या आवाजानं.

बडतर्फीचा कागद रजिस्टर पोस्टानं गेला.
माझा पगार पुढच्या महिन्यात चारशेनं वाढला.
का, ते मी विचारलं नाही.

त्याला आता सहा वर्षं.
सिस्टर गांधीनगरात मेडिकलमध्ये गोळ्या मोजतात,
संध्याकाळी घरोघर इंजेक्शनं.
मालक शिरोलीच्या फाउंड्रीत होते, ती बंद पडली.
हे मला लेबर कोर्टाच्या बाकावर कळलं,
दोघांत एक जागा सोडून बसलेलो तेव्हा.
आज माझी उलटतपासणी.
दवाखान्याच्या वकिलानं सकाळी पढवलेलं :
विचारेल तेवढंच. हो किंवा नाही.
मी रात्रभर दुसरंच घोकत होतो.
साहेब, मी निजलो हुतो.
गुरुजी, चुकलं. झोपलो होतो.
साहेब, मी झोपलो होतो.

साडेबाराला पट्टेवाला बाहेर आला.
साहेब रजेवर. पुढची तारीख एकोणीस.
आणि मला, खोटं कशाला बोलू,
पोटातून बरं वाटलं.

सिस्टर पिशवी उचलत म्हणाल्या,
आईच्या पायाची जखम भरली का रे?
म्हटलं, कडेनं भरल्या, मधी ओली हाय.
मग रोज धुऊ नकोस, एक दिवसाआड.
पट्टी आवळायची नाही. साखर बघितलीस?
नाही म्हटलं.
बघ, म्हणाल्या. उपाशीपोटी.
आणि रस्ता ओलांडून गेल्या,
हातात फाईल, तिला रबर लावलेलं,
तेही दोन ठिकाणी गाठ मारून.

परतीच्या गाडीत जागा मिळाली, खिडकीची.
डोकं टेकलं नाही.
कुठंतरी कंडक्टरनं घंटी मारली
तसा मी ताडकन उठलो, उतरलो.
माझा स्टॉप अजून दोन पुढं होता.