कोंबड्याच्या आतून

इलोइलोच्या मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या डावीकडे
आमचं दुकान. तळलेली कोंबडी, मूठभर भात, वाटीभर ग्रेव्ही.
तीन तास उभं राहिलं
तर आमच्याच दुकानात एकदा जेवता येईल
एवढा पगार.
हा हिशेब एल्मरनं टिशूवर मांडला
आणि मग त्याच टिशूनं मान पुसली.

जुनालिन गणवेश काळ्या पिशवीत आणते,
मॉलच्या बाथरूममध्ये बदलते.
जाताना केसांना कॉफीची पूड चोळते,
तळणाचा वास मारायला.
वर्गात सांगून ठेवलंय : मावशीकडे शिकवणी घेते.
एल्मर टोपी घालूनच जीपनीत चढतो.
ड्रायव्हर विचारतो, विद्यार्थी का? सवलत असते.
एल्मर म्हणतो, सकाळी होतो. आत्ता किती वाजले?

आणि रोवेल, आमच्यातला हुशार.
ही नोकरी नव्हे रे, हा बसस्टॉप आहे, म्हणतो.
दर पाच महिन्यांनी करार संपतो,
मग तो समोरच्या बर्गरवाल्याकडे उभा दिसतो.
तीन वर्षांत त्याचा सगळा तळमजला फिरून झालाय.
बस कुठली, ते मी विचारत नाही.

मी बोटीवरची इंजिनं शिकतो. दुसरं वर्ष.
शनिवारी दुपारी कोंबडा होतो.
स्पंजचं पोट, लाल तुरा, चोचीत जाळी,
जाळीतून दिसतात फक्त पोरांची डोकी आणि केक.
आत माझ्या आधीच्यांचा घाम आहे,
कितीजणांचा, कुणास ठाऊक.
बाहेरून आम्ही सगळे एकच हसू हसतो.
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, खरंय.
पण कोंबड्यानंच झाकलेल्याचं काय?

त्या शनिवारी वाढदिवस पालोमार सरांच्या लेकीचा.
उष्णतेचं शास्त्र शिकवतात. दर सोमवारी
त्यांचं एक वाक्य ठरलेलं :
इथं लक्ष नाही दिलंत, तर बटाटे तळाल.
सगळा वर्ग हसतो. मीही हसतो,
हात बाकाखाली ठेवून.

फोटोसाठी त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.
चोचीपाशी वाकले, हळूच म्हणाले,
कितवं वर्ष?
कोंबड्यानं बोलायचं नाही, हा नियम.
बोटं दाखवावीत तर पंखाला बोटं नाहीत.
मी पंख दोनदा हलवला.
पोरीला वाटलं नाच सुरू झाला,
ती टाळ्या वाजवायला लागली,
मग नाचावंच लागलं.

सोमवारी सर म्हणाले,
इथं लक्ष नाही दिलंत, तर
आणि थांबले.
खडू उचलला. फळ्यावर लिहिलं :
उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, आपणहून कधी उलटी नाही.
मागचे दोघं तरीही हसले, सवयीनं.
मी वहीत उतरवून घेतलं.
पाठ करायची गरज नव्हती.

परवा पाचवा महिना भरला.
कोंबडा परत केला, सही केली.
डाव्या पायाची शिवण उसवली होती,
ती मीच घातली, जुनालिनकडच्या निळ्या दोऱ्यानं.
गाठ आतल्या बाजूला राहिली, जरा जाडच.
पुढच्या पोराच्या अंगठ्याला लागेल.
एल्मर म्हणाला, लागू दे,
पहिल्या आठवड्यात काय लागत नाही?