देठ

धर्माबादच्या मिरची बाजारात
देवाचं नाव घ्यायच्या आधी शिंक येते.
पहिला महिनाभर एकही प्रार्थना
आमेनपर्यंत नेता आली नाही.

खोली आडत गल्लीच्या मागं, पत्र्याची.
दोन खाटा, एक स्टोव्ह,
रत्नाकर पारखेची पेटी, जिची काळी दोन मुकी आहे.
साडेपाचला वचन.
मग दोघांत एक बादली.
मग वही :
नीळ्ळु म्हणजे पाणी, कूसो म्हणजे बस,
तिन्नवा म्हणजे जेवलास का.
जालन्याच्या वर्गात शिकवलेली तेलुगू
इस्त्रीची होती, घडीची.
इथं ती कुणी अंगात घालत नाही.

बासरकडून पहाटेच्या गाडीनं बाया येतात,
तोंडाला पदर गुंडाळून ढिगाभोवती बसतात,
देठ खुडतात.
किलोमागं पैसे.
डोळे तेवढे दिसतात.
डोळ्यांवरून वय ओळखता येत नाही,
बाकीचं तर सोडाच.

आम्ही उभे. पांढरे शर्ट, हातात पत्रकं.
मुकादम चिन्नय्या म्हणाला,
उभ्या माणसाचं इथं कोण ऐकतंय भाऊ,
नुसती मालावर सावली पडते.
म्हणून बसलो.
आणि लाल ढिगासमोर बसल्यावर
हात रिकामे ठेवायला लाज वाटते.

एका गुरुवारी धीर करून
पापावर बोललो. आठ वाक्यं, रात्रभर पाठ केलेली.
सगळ्यांचं पापम्, जगाचं पापम्, माझं पापम्.
दर वाक्याला बाया माना हलवत होत्या,
जीभ चुकचुकवत होत्या.
पोशव्वानं तर डोळे पुसले.
मला वाटलं, पेटलं.
रत्नाकरनं हळूच गुडघा दाबला माझा.

नंतर नरसव्वानं डबा उघडून
चिंचेची चटणी घातलेला भात पुढं केला,
आणि मोडक्या मराठीत सांगितलं
की त्यांच्या बोलीत पापम् म्हणजे
बिचारा.

बिचारा, आईपासून लांब.
बिचारा, बरगड्या दिसतात.
बिचारा, किती रडतोय मिरचीत.
तासभर मी बोललो
आणि तासभर त्या माझ्यासाठी हळहळल्या.

मी हसलो. भात तिखट होता, खाल्ला.
तेवढ्यात पोशव्वानं झोळीतली नात
माझ्या मांडीवर ठेवली
आणि ओळख करून दिली : पाप.
म्हणजे छोटी मुलगी.
तिनं माझं पत्रक तोंडात घातलं,
पहिलं पान पूर्ण चघळलं.
आजवर कुणी इतक्या मनापासून घेतलं नव्हतं.

महिनाअखेरीला जालन्याला अहवाल जातो.
भेटी किती, पत्रकं किती, निर्णय किती.
तिसऱ्या रकान्यात मी शून्य लिहितो,
साफ, गोल,
रत्नाकर म्हणतो, जरा बारीक काढ की रे.
किती देठ खुडले, याला रकाना नाही.
परवा पावणेचार किलो झाले.
चिन्नय्यानं पैसे पुढं केले,
मी नको म्हणालो, बाया चिडल्या :
आमचा भाव पाडतोस का?
घेतले. त्यातून स्टोव्हची पिन आणली.

आई फोनवर विचारते, शांतवन,
ऐकतात का रे लोक तुझं?
मी म्हणतो, हो. जेवलास का, विचारतात.
ती म्हणते, ते नाही विचारलं मी.
मग जरा थांबून : जेवलास ना?

रात्री दिवा मालवायच्या आधी
पुस्तक उघडतो, तर पानाच्या कोपऱ्यांवर
बोटांचे लाल ठसे.
बोटं साबणानं तीनदा धुतली तरी जळतात.
डोळ्यांना हात लावायचा नसतो, हे शिकलोय.
हात जोडताना डोळे मिटतात आपोआप,
आणि नेमकी तेव्हाच
पापणीला खाज सुटते.