शिंप्याची वही

राट्काईसाहेबांचं पहिलं माप : छाती अडतीस.
व्हिएन्नाच्या वकिलातीत कनिष्ठ सचिव,
बुडापेस्टहून कोट नेला, उधारीवर.

तहानंतर परतले. सरहद्द अलीकडे सरकलेली,
त्यांचं गाव पलीकडे राहिलेलं.
म्हणाले, आत एक खिसा ठेव, नकाशापुरता.
ठेवला.

बर्न, रोम, मग मंत्रिपद. छाती चव्वेचाळीस.
भाषणात हात उंचावला की काखेत उसवायचं;
दर वेळी मीच शिवलं.

ज्या कायद्याने माझ्या दुकानाची पाटी उतरली
त्यावर सही त्यांची. वळण ओळखीचं,
वहीत उधारीखाली तेच आहे.

युद्ध संपलं. परवा लिस्बनहून पत्र आलं :
इथे थंडी आहे, एक कोट पाठव,
जुन्या मापाचा चालेल.

कुठलं जुनं, ते लिहिलेलं नाही.
खिशाचं मात्र लिहिलंय.