चुका

मंडईत आम्ही वर बसतो, गिऱ्हाईक खाली उभं राहतं.
बांधणाऱ्यानं ओटेच तसे उंच बांधलेत.
मान वर केल्याशिवाय
इथं कुणाला भाव कळत नाही.

रविवारी शार्दूल पाहुणे घेऊन येतो,
गळ्यात पट्टी, हातात मिटलेली छत्री.
कांद्याच्या पोत्यावर निजलेल्या मांजरापासून
छताच्या तुळयांपर्यंत सगळ्याचे फोटो.
मग माझा.
मी पदर सारखा करते, तराजूवर हात ठेवते.
हा हात कुठल्या कुठल्या देशांत जाऊन आला,
मी सासवडच्या पुढं गेले नाही.

ते बोट दाखवतात, शार्दूल सांगतो.
चाकवत? पालक.
अंबाडी? पालक.
राजगिरा, चंदनबटवा,
पालकच.
मला इंग्रजी येत नाही,
पण एकच शब्द आठ वेळा आला
तर माझ्याही कानाला कळतो.

तेवढ्यात बेहेरेकाका. शुक्रवार पेठ, धुतलेली पिशवी.
"झगडेबाई, चुका कसा?"
वीस.
"काल पंधरा होता."
काल तुम्ही घेतला नाहीत.
त्यांनी जुडी उलटी धरून झाडली,
मुळांची माती माझ्याच ओट्यावर पाडली.
"मातीचे पैसे मी देत नाही."
पाहुण्यांना वाटलं, हा काही विधी असावा.
त्याचेही फोटो निघाले.

त्यांच्यात एक पांढऱ्या केसांची होती.
कॅमेरा बंद करून नुसती बघत उभी.
मी चुक्याचं पान खुडलं, पाण्यात बुचकळून
तिच्या तळहातावर ठेवलं.
शार्दूल म्हणाला, पालक.
तिनं चावलं.
एक डोळा मिटला, खांदे कानाला लागले,
आणि शार्दूलकडे बघून तिनं जोरजोरात मान हलवली.

"चुका म्हणतात," बेहेरेकाका त्याला म्हणाले.
"तू करतोस त्या नव्हे. हा शिजतो."
आणि हसले.
तीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या ओट्यासमोर.

बुधवारी ती एकटी आली.
पट्टी नाही, छत्री नाही.
मान वर करून म्हणाली,
"चुका."
दोनच अक्षरं, वाटेत सांडू नयेत
म्हणून तोंडात धरून आणलेली.
हॉटेलात उतरलेली बाई, चूल कुठली,
जुडीचं करणार काय,
मी विचारलं नाही.
वीस सांगितले. तिनं दिले.

मग निघता निघता थांबली,
जुडी उलटी धरली
आणि माझ्या ओट्यावर
झाडली.