कार्डाची मागची बाजू

स्लाउमध्ये ऑगस्टात नऊपर्यंत उजेड रेंगाळतो
आणि सप्टेंबरात शाल्मलीची इलेव्हन प्लस.
स्वयंपाकघरात आम्ही समोरासमोर.
शब्द तिच्याकडे तोंड करून,
अर्थ माझ्याकडे.
दर दीड-दोन मिनिटांनी छपरावरून विमान जातं हीथ्रोकडे,
तेवढं थांबायचं, मग पुढचं कार्ड.

फ्रूगल.
"काटकसरी," ती म्हणते, नखं बघत.
मला दिसते बकुळाआत्या,
आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवणारी.
ऑब्स्टिनेट.
"बाबा."
अर्धा मार्क.

इफेमरलपाशी गाडी अडली.
क्षणभंगुर, मी म्हटलं.
"आई, तू अवघड शब्द अवघड शब्दानं पुसतेस."
बरं, अळवावरचं पाणी.
तिला अळू माहीत ते वडीतलं, तळलेलं.
फ्रिजमध्ये जुडी होती, फार्नम रोडवरून आणलेली,
अडीच पौंडांना सहा पानं, देठ काळवंडलेले.
एक पान सोडवून नळाखाली धरलं.
थेंब पाऱ्यासारखा पळाला, शिरेपाशी थबकला,
कडेवरून तिच्या मनगटावर पडला
आणि नुसतं पाणी झाला.
"अजून एकदा."
सहाही पानं झाली. वड्या राहिल्या.

मग रेटिसंट.
माझ्या बाजूला लिहिलेलं: मनातलं सहसा न बोलणारा.
वाक्यात उपयोग कर, म्हटलं.
तिनं पेन्सिल चावली.
"माझी आई रेटिसंट आहे."
विमान गेलं.
वाक्य बरोबर होतं.
बरोबरची खूण केली.

तिनं तरी मला कुठं ऐकलंय?
फार्मसीच्या काउंटरवर दिवसाची सहा वाक्यं:
जन्मतारीख सांगा. जेवणानंतर घ्या. इथं सही.
घरी नुसत्या सूचना, जेव, झोप, मोजे कुठायत.
पालकसभेत मी मान हलवते,
आणि बोलायचं ते सुचतं परतीच्या बसमध्ये,
व्याकरणासकट.
कराडला एकदा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला
की समोरून एसटी निघून जायची,
ऐकणारी आणि मी, दोघी स्टँडवरच.

रात्री ती झोपल्यावर उद्याचं कार्ड काढलं.
गॅर्युलस.
छापील अर्थाखाली पेन्सिलीनं, आपल्या अक्षरात लिहिलं:
उदाहरणार्थ, आई, कराडला. तोंडाचा पट्टा.

सकाळी दुधात सिरियल मऊ होईतो
ती एकेक अक्षर जोडत होती,
ट्टपाशी अडखळली.
"पट्टा म्हणजे बेल्ट ना? तोंडाला बेल्ट कशाला?"
बेल्ट नव्हे गं, तलवार, दांडपट्ट्यातली,
मी बूट चढवता चढवता म्हटलं,
आमच्या गल्लीत एक घाटगे मास्तर होते, ते काय करायचे...
आणि एकच बूट घालून खुर्चीवर टेकले.

सात चाळीसची बस गेली.
आठ दहाचीही.