वगळलेलं

कामगार न्यायालयातला पंखा मला ऐकू येतो,
नान्नांना दिसतो.
माझे हात आज मांडीवर आहेत.
कचेरीत असे रिकामे ते कधी बसले नव्हते.

मध्ये उभी आहे शाकेरा मुल्ला,
बार्शीहून पहाटेच्या एसटीनं आलेली,
बांगड्या काढून पर्समध्ये ठेवलेली,
तीन तारखा वाया गेल्यावर मिळालेली.
कारकून म्हणायचा, मुलगी येते ना हातवारे करायला,
मग दुभाषी कशाला?
तेव्हा नान्नांनी अर्जावर स्वतःच लिहिलं होतं,
त्यांच्या हातांच्या मराठीत:
मुलगी मुलगी आहे. दुभाषी पाहिजे. हक्क.

न्यायाधीश शाकेराला म्हणतात,
"विचारा त्यांना, सही त्यांचीच ना?"
ती म्हणते, "साहेब, त्यांच्याकडे बघून विचारा.
मी इथं नाही."

मग नान्नांचे हात उठतात
आणि तिच्या तोंडून येतं, "मी."
"मी अंबादास गुंडेटी.
एकतीस वर्षं चार माग चालवले, अक्कलकोट रोडला.
धागा तुटला की मला तळपायात कळायचं,
ऐकणाऱ्यांच्या आधी.
सही माझीच. कागदात काय होतं
ते कुणी सांगितलं नाही.
मालकानं पेन दिलं. बोट ठेवलं: इथं."

बाईचा आवाज, बार्शीचे हेल,
आणि आत माझा बाप.
चाळिशीला आले, त्यांचा 'मी' आज ऐकला.
माझ्या तोंडात ते कायम 'हे' असायचे.
हे म्हणतात. ह्यांना पाहिजे. ह्यांचं पासबुक.

सात वर्षांची असताना
नव्या पेठेतल्या बँकेत, काउंटरला हनुवटी टेकवून,
व्याज म्हणजे काय ते मी सांगितलं होतं:
पैसे. पैशांना पिल्लं.
ते इतके हसले की शिपाई बघायला लागला.
पण रेशनवाला, घरमालक, मागावरचा जॉबर
अधूनमधून जे बोलायचे,
ते मी ज्वारीतल्या खड्यांसारखं निवडून ठेवायची.
नान्नांच्या ताटात फक्त दाणे.

आता मालकाचा वकील
शेजारच्याकडे कलून पुटपुटतो,
"नाटकं करतंय मुकं."
शाकेरा तेही सांगते.
तस्संच, ओठ वाकडा करून.
मी अर्धी उठलेच होते.

नान्ना वकिलाकडे बघतात. बराच वेळ.
मग वळून माझ्याकडे,
छातीपाशी, कोर्टाला दिसू नये इतक्या लहान हातांनी:
लोक नेहमी असंच बोलायचे?

मी मान हलवली.

तू सांगितलं नाहीस.

पुढची तारीख पडली, अठ्ठावीस.
गेटपाशी शाकेरानं बांगड्या चढवल्या
आणि स्टँडची रिक्षा पकडली.
आम्ही दोघं चहाला थांबलो.
नान्नांनी ग्लास कठड्यावर ठेवला.
उजव्या हातानं विडी वळली,
पान नाही, तंबाखू नाही, नुसती विडी वळली:
आमच्या घरात ही अम्माची खूण.
मग, दवाखाना.
मग, डॉक्टर. त्या दिवशी. काय बोलला?

अकरा वर्षांची होते मी.
सिव्हिलचा दुसरा मजला, फिनेलचा वास,
डॉक्टर घड्याळ बघत म्हणाला होता, चार महिने.
आणि दोघं माझ्या हातांकडे बघत होते.
मी केलं होतं: गोळ्या. आराम. बरी.
अम्मानं त्या संध्याकाळी हजार विड्या पुऱ्या केल्या,
वर पन्नास जास्तीच्या.

चहावर साय धरायला लागलीय.
माझा ग्लास मी त्यांच्या ग्लासाशेजारी ठेवते,
हात मोकळे करते.