सुईशिवाय

डॉक्टरांनी पिएदादला बजावलंय,
मोतीबिंदूचा डोळा आहे, महिनाभर सुई धरायची नाही.
चाळीस वर्षं अर्ध्या चोडणचे
लग्नाचे झगे नि शाळेचे गणवेश शिवलेली ही बाई.
आता मशीनवर चादर,
चादरीवर मांजर.

डिसेंबर तर दारात आलेला.
काल दुपारी पिशवी घेऊन आली, म्हणाली,
सुय नाका गो. गांठ मार, गांठ.

पिशवीत तिच्या तारवटी भावाचा स्वेटर,
हॅम्बर्गहून आणलेला, निळा, घोंगडीएवढा जड.
इथे तो घालणार कोण?
आमची थंडी म्हणजे पहाटेच्या पहिल्या फेरीत
कानांवरून बांधलेला रुमाल,
नऊ वाजता पुन्हा खिशात.
बर्फ आम्ही पाहतो तो मासळीच्या पेटीत.

तिने कात्री चालवली. एक बाही सुटी झाली.
बाहीत फेणीची रिकामी बाटली सरकवली,
मनगटाची वीण गळ्यापाशी आली
आणि बाटली एकदम कुणीतरी झाली,
गारठ्याने मान आत ओढून घेतलेलं कुणीतरी.
हा सां जुझे, ती म्हणाली.
दुसरी बाही मारियेला.
बाळ म्हणून नातवाचा मोजा,
जोडीदार हरवलेला.

माझे जुने परकर आम्ही टरटर फाडले,
काथ्याच्या दोरीवर चिंधीला चिंधी गाठत गेलो.
गाठ मारताना तिचा चांगला डोळा बारीक होई
आणि दुखरा उगाच पाणी काढी.

मग म्हणाली, तुझ्याकडचं काय?

मी ट्रंक उघडली.
ह्यांचा खाकी शर्ट, फेरीवरचा,
तीन पावसाळे डांबरगोळ्यांत राहिलेला.
दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या माळ्यावर होत्याच,
त्या सोडवून पाच टोकांच्या केल्या,
शर्ट ताणला, कडा आत दुमडल्या,
भाताच्या खळीने चिकटवल्या.
टोकांना सुतळी करकचून.

तिन्हीसांजेला आत बल्ब सोडला.
काळोख.
खाकी उजेड बाहेर सोडत नाही.
ह्यांचंही तसंच होतं, आत काय चाललंय
ते जेवणाच्या ताटावरूनच ओळखायचं.
पिएदाद खाली बघून म्हणाली, काढूया हा,
माझ्याकडे सॅटिनचा तुकडा आहे, पांढरा.

थांब, मी म्हटलं.
डोळे अंधाराला सरावले तशी
आधी काजं दिसली, सहा, एका रांगेत,
प्रत्येकात तांदळाएवढा उजेड.
मग खिशाच्या वर तीन भोकं,
विडीच्या ठिणगीची.
त्यांच्यावरून किती भांडले मी!
द्या इकडे, रफू करते.
हे म्हणायचे, वारा लागतो तिथून, राहू दे.

पिएदादने खुर्ची ओढली, चढली,
बोटाने एक एक काज चाचपलं,
आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसं.
ही माझ्या हातची, ती म्हणाली.
चवथीच्या आधी घाईत केलेली,
पाचवं बघ, वाकडं गेलंय.
तुझ्या घोवाने पैसे दिले तेव्हा
बोलला नव्हता काही.

मला हसू आलं, मग दुसरं काहीतरी आलं,
मी खळीचं भांडं धुवायला गेले.

आता तारा तिच्या बल्कांवावर लटकतोय.
शेवटच्या फेरीचा भोंगा वाजला की
बाह्या नसलेला तो शर्ट किंचित फिरतो,
नदीकडे, पुन्हा घराकडे.
सां जुझेची मान मात्र कलंडलीय.
सकाळी बाटलीत थोडी वाळू घालावी लागेल.